वाणीचे तप



आपल्या मालवण मुलखात घराबाहेर पडणारा माणूस ‘जातंय’ म्हणत नाही, ‘येतंय’ म्हणतो. एखादे पोर चुकले की ओटीवरची आजी लगेच टोकते, “जातंय म्हणू नको रे, येतंय म्हण.” नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. दिवा विझवत नाही, मालवतो. खळ्यात भात मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात; पुढचे माप मात्र दोनच. नाव बदलले म्हणून रास काही वाढत नाही, पण मोजणीही चुकत नाही.

हे गोड बोलणे खरे की खोटे, असा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. गीतेच्या १७व्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे असे हवे की ऐकणाऱ्याचे मन उद्विग्न होऊ नये, ते सत्य असावे, प्रिय असावे, आणि हिताचेही असावे. वाचायला सोपे आहे हो! प्रिय बोलायला जावे तर सत्य निसटते, सत्याला धरावे तर समोरचा दुखावतो. उगाच नाही त्याला तप म्हटले.

जुन्या वाचकांना तार आठवत असेल. मुंबईला गिरणीत किंवा गोदीत असलेल्या चाकरमान्याला गावाहून तार जाई: आई सिरीयस, ताबडतोब निघ. शब्दागणिक पैसे, त्यामुळे शब्द मोजूनच लिहायचे. पुष्कळदा ती लिहिली जाई तेव्हा आई गेलेली असे. मी त्याला असत्य म्हणणार नाही. तार वाचताच खोलीतली जाणती माणसे काय ते ओळखत, आणि तो स्वतःही मनात अर्धेअधिक समजून असे. उरलेल्या अर्ध्या आशेवर त्याचा प्रवास होई. ‘सिरीयस’चा अर्थ लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक होता. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली. आता मोबाइलवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आधी पोचते आणि घरचा फोन मागाहून. त्यात अक्षर खोटे नसते, पण हिताचे काय?

माझ्या मावशीचे मात्र वेगळे झाले. मी तेव्हा शाळेत होतो. तिच्या आजाराला घरात ‘साधी गाठ’ म्हणत. टेंब्ये स्वामींच्या माणगावला ती दरवर्षी जायची. नरसोबाच्या वाडीला जाऊन कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान करायचे आणि पादुकांचे दर्शन घ्यायचे, एवढे राहिले होते. ती विषय काढी, तेव्हा सगळे म्हणत, “बरी झालंस की जावया.” किती मायेने म्हणत! देवळात तिच्यासाठी गाऱ्हाणे घातले, तेव्हा दुखण्याचे खरे नाव घेतले गेले आणि जमलेल्या सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटले. देवाला सांगितले, गावाला सांगितले, तिला तेवढे नाही. वाडीला जाण्याइतके बळ तिच्या अंगात सात-आठ महिने होते. पुढे ते राहिले नाही.

‘येतंय’मध्ये निघणारा आणि निरोप देणारा दोघेही सामील असतात. परत येणे आपल्या हाती नाही, हे दोघांना माहीत असते. ‘साधी गाठ’ हा शब्द मात्र एकाच बाजूला ठाऊक होता. माझ्या लेखी तो गोड असूनही खोटाच, मग बोलणाऱ्याचे डोळे कितीही भरून येवोत.

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलत भावाचे रिपोर्ट आले. वहिनी दाराआडून खुणा करत होती, सांगू नका म्हणून. मी कागद हातात घेऊन त्याच्या शेजारी बसलो आणि विचारले, “दादा, सगळा सांगू, की होया तितक्याच?”

तो थोडा वेळ माडांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आदी चाय पितंय. मगे सगळा सांग.”