खरवड कोणाला आवडते?

खोटे बोलू नये, हे मला लहानपणी ज्या बाईंनी शिकवले, त्या स्वतः माझ्याशी चाळीस वर्षे बिनदिक्कत खोटे बोलत आल्या आहेत, असा शोध मला गेल्या आश्विनात लागला. बाई कोणी परक्या नाहीत. माझी आईच. शोधाचे ठिकाण आमचे स्वयंपाकघर, आणि पुरावा म्हणजे पातेल्याच्या बुडाला लागलेला भात.

त्याचे असे झाले. कोजागरीला आम्ही सगळे गच्चीवर मसाला दूध पीत मध्यरात्रीपर्यंत जागलो. आश्विनातली हवा मोठी फसवी. दिवसा ऑक्टोबरचे ऊन टाळू भाजते आणि पहाटे पायाशी चादर शोधावी लागते. दुसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींना ताप भरला. जिभेला चव नाही म्हणाल्या. ‘‘नुसता गुरगुट्या भात आणि मेतकूट खाईन,’’ एवढे बोलून त्यांनी डोक्यावरून पांघरूण घेतले.

आता मी बी.कॉम. आहे. तेवीस वर्षे बँकेत आहे. गुरगुट्या भात मला जमू नये असे त्यात काय आहे? शिवाय तांदूळही अगदी योग्य होता. आमच्या शाखेतल्या शिपायाने गावाहून हळव्या भाताचे नवे तांदूळ आणून दिले होते. तांदळाचे आणि माणसाचे सारखेच असते. जुना तांदूळ पाणी भरपूर पितो आणि तरीही शेजाऱ्यापासून चार हात मोकळा राहतो. नवा तांदूळ थोड्याशा पाण्यात गळ्यात पडतो. पुलावाला जुना, आणि आजाऱ्याला नवा. मी एक वाटी तांदूळ धुतले, पाच वाट्या पाणी घातले, मीठ घातले, गॅस बारीक केला आणि डावाने अधूनमधून ढवळत उभा राहिलो.

एवढ्यात फोन आला. एका खातेदाराचे एटीएम कार्ड यंत्राने गिळले होते. मी त्यांना धीर देत होतो, तेवढ्या वेळात नव्या तांदळाने आपला गळेपडू स्वभाव पातेल्याशीही दाखवला. वास आला तेव्हा उशीर झाला होता. वरचा भात मऊसूत, लोण्यासारखा. आणि बुडाशी बोटभर जाडीची तांबूस-काळी खरवड.

पण मी डगमगलो नाही. कारण आमच्या घरात खरवडीला हक्काचे गिऱ्हाईक आहे. सौंना, मुलीला आणि मुलाला वरचा भात वाढला. त्यावर तूप, मेतकूट, लिंबाचे लोणचे. आणि खरवड उलथन्याने सुबक सोडवून, वर तुपाची धार धरून, ती ताटली मी आईसमोर ठेवली. म्हटलं, ‘‘आई, ही तुझी आवडती खरवड. खास तुझ्यासाठी राखून ठेवली.’’

आईने ताटलीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘अरे, मला मऊ भात वाढ.’’

‘‘का गं? तुला आवडते ना खरवड?’’

‘‘खरवड चावायला दात लागतात रे. दात होते तोवर खोटं बोलले. आता परवडत नाही.’’

मुलगा खो खो हसला. मी ताटली उचलली आणि ओट्यापाशी उभा राहून ती खरवड स्वतः खाल्ली. कडू होती. चाळीस वर्षे ही चव त्या बाईने ‘आवडते’ म्हणून खाल्ली होती!

त्या रात्री मी जुनी खाती उघडली. मनातली हो. एकेक नोंद तपासत गेलो, तसा आईच्या आवडीनिवडींचा सगळा ताळेबंद संशयास्पद दिसू लागला. उदाहरणार्थ, कोजागरीच्या दुधाची खरवड. आटवलेल्या दुधाच्या पातेल्यातली ती साखर-केशराची दाट खरवड चमच्याने ओरबाडायला आम्ही भावंडे हाणामारीवर येत असू. ती मात्र आईला आवडत नसे! भाताची आवडे, दुधाची आवडत नसे. दुसरे उदाहरण नानकटाईचे. आम्ही तेव्हा पुण्यात वाड्यात राहत असू. दिवाळीच्या आधी आई परातीत अर्धा किलो वनस्पती तूप तळहाताने फेसून फेसून कापसासारखे करी, त्यात अर्धा किलो पिठीसाखर, एक किलो मैदा, वेलदोडा घालून पीठ मळी, आणि आम्ही ते डबे बेकरीत नेऊन भाजून आणत असू. बेकरीत रांग. प्रत्येकाच्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी. लाकडाच्या भट्टीचा तो खरपूस वास, लांब दांड्याच्या फळीवरून बाहेर सरकणारे पत्रे, आणि आपला पत्रा शेजारच्यांच्या घरी तर गेला नाही ना, ही धाकधूक. ऐंशी नानकटाया घरी येत. त्यांतल्या सात-आठ भट्टीच्या तोंडाशी करपलेल्या, चार-पाच वाटेत मोडलेल्या. आईला नेमक्या त्याच आवडत. अखंड नानकटाईने म्हणे तिला पित्त होई. मोडलेलीने होत नसे. अखंड नानकटाईतले पित्त मोडताना कुठे सांडते, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही.

पोळीत पहिली, जी तवा पुरता तापायच्या आत पडते, ती. लाडवात फुटलेला. फणसात चोथा. मी कॉमर्सचा विद्यार्थी. मागणी-पुरवठ्याचा नियम मला पाठ. पण एका बाईची आवड बरोबर तिथेच सुरू होते जिथे बाकी सगळ्यांची मागणी संपते, हा योगायोग माझ्या डोळ्यांवर कधी आला नाही. आणि हा मनुष्य बँकेत तपासणीच्या कामावर आहे! रिझर्व्ह बँकेने 2002 साली ‘आपला ग्राहक ओळखा’ असा दंडक घातला, तेव्हापासून मी ऐंशी वर्षांच्या पेन्शनरांकडेही ‘तुम्ही तुम्हीच कशावरून?’ म्हणून कागद मागत आलो आहे. आईचा एक कागद मी कधी मागितला नाही. ती म्हणाली ‘आवडते’, मी लिहिले ‘आवडते’, आणि सही केली.

आता प्रश्न असा की असे खोटे बोलणे बरे की वाईट? मी वाचनालयात जाऊन थोडे वाचले. कान्ट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने 1797 साली एक निबंध लिहून ठेवला आहे. मारेकरी तुमच्या दारात येऊन, तुमचा मित्र घरात लपला आहे का, असे विचारू लागला, तरी त्याच्याशी खोटे बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही, असे त्याचे म्हणणे. वाचून मी हबकलो. मारेकऱ्याला जिथे सूट नाही तिथे खरवडीला कुठून मिळणार? मग कळले की कान्ट जन्मभर अविवाहित राहिला, आणि त्याची आई तो तेरा वर्षांचा असतानाच गेली. माझा राग मावळला. ज्याच्या घरात ‘मला हेच आवडतं’ म्हणणारे माणूस इतक्या लवकर उरले नाही, त्याने दाराबाहेरच्या मारेकऱ्याचा विचार करायचा नाही तर काय करायचे?

आपल्याकडे धर्मराजाची गोष्ट आहे. त्याचा रथ म्हणे जमिनीच्या चार अंगुळे वरून चाले. अश्वत्थामा मेला एवढे मोठ्याने सांगून हत्तीचा उल्लेख त्याने हळूच केला, आणि रथ खाली टेकला. या हिशेबाने घरोघरच्या आयांचे रथ एव्हाना आसापर्यंत चिखलात रुतायला हवे होते. पण मला एक फरक दिसतो. धर्मराजाच्या खोट्याने दुसऱ्याचा घात झाला. आईच्या खोट्याने फक्त तिचे तोंड कडू झाले.

इतपत विचार करून मी आईला निर्दोष सोडून दिले आणि झोपायला गेलो. पण झोप येईना. कारण एक नोंद राहिली होती. ती मी उचंत खात्यात टाकून दिली होती, आणि उचंत खात्यातली रक्कम कधीतरी वर येतेच.

1987 ची दिवाळीची सुट्टी. मी नऊ वर्षांचा. चिपळूणजवळच्या खेडेगावात आजोळी गेलो होतो. सकाळची न्याहारी म्हणजे चुलीवरचा नव्या तांदळाचा गुरगुट्या भात. चुलीची आच हाताने थोडीच कमी-जास्त होते? भात रोज बुडाला लागे. आजी सगळ्यांना वरचा भात वाढी आणि बुडाचा स्वतःच्या पानात घेई. मी आईच्या शेजारी बसलो होतो. मी म्हटले, ‘‘आजी, खरवड आईला दे. आईला खरवड आवडते.’’

आजी हसली. म्हणाली, ‘‘नाही हो बाळा. तुझ्या आईला लहानपणापासून मऊ भात लागतो. खरवड मला आवडते.’’ आणि आईने काही न बोलता मऊ भातात तूप कालवले, आणि एक घास, दोन घास, असा मन लावून जेवली. तसे जेवताना मी तिला पुण्यात कधी पाहिले नव्हते.

म्हणजे मला माहीत होते. नऊ वर्षांच्या पोराला जेवढे कळते तेवढे मला त्या सकाळी कळले होते. आणि पुण्याला परत आल्यावर, पुढच्याच वेळी भात लागला तेव्हा, आई ‘मला आवडते’ म्हणाली आणि मी मऊ भाताचे ताट पुढे ओढले. खोटे बोलायला एक माणूस पुरत नाही. दुसऱ्याने ते सोयीने खरे मानावे लागते. आईने खोटे सांगितले असेल. पण ते चालवले मी. बँकेत खोटा चेक लिहिणाऱ्याला आम्ही पकडतोच, पण तो समजून-उमजून पास करणाऱ्याला काय म्हणतात ते मला चांगले ठाऊक आहे.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. आई खरे बोलली असती तर काय झाले असते? करपलेला भात काही सत्याने पांढरा होत नाही. तो कुणाच्या तरी पानात पडायचाच. म्हणजे मूळ प्रश्न खऱ्या-खोट्याचा नाहीच. प्रश्न वाटणीचा आहे. ‘मला आवडते’ म्हटले की वाटणीची चर्चा मिटते, एवढाच त्या खोट्याचा उपयोग. आमचे वडील सत्यवचनी म्हणून वाड्यात प्रसिद्ध होते. त्यांनी जन्मात कधी ‘मला खरवड आवडते’ असे खोटे विधान केले नाही. त्यांच्यावर तशी वेळच आली नाही!

दुसऱ्या दिवशी सौंचा ताप उतरला. मी चहा घेऊन गेलो आणि हळूच विचारले, ‘‘तुला पहिली पोळी खरंच आवडते?’’

‘‘हो, आवडते की,’’ त्या कपातून मान वर न करता म्हणाल्या. मग बशी खाली ठेवून, ‘‘का हो? आज काय झालं तुम्हाला?’’ मी काही नाही म्हणालो. तेही खोटेच.

मात्र संध्याकाळी मी पुन्हा भात टाकला. या वेळी फोन बंद ठेवला, डाव हातातून सोडला नाही, तरी थोडा लागलाच. पण मी ठरवून ठेवले होते. खरवडीचे चार सारखे तुकडे केले आणि आई सोडून चौघांच्या पानात एकेक वाढला. आईला वरचा मऊ भात, दोन चमचे तूप.

चिरंजीवांनी तुकडा जिभेला लावला आणि ‘‘शी! हे काय दिलंत बाबा?’’ म्हणून ताटाच्या कडेला सारला. मला बरे वाटले. घरात निदान एक माणूस खरे बोलत होते.

तेवढ्यात कन्येने हात लांब केला. ती तेरा वर्षांची आहे. भावाच्या ताटातला तुकडा तिने उचलला, बाबांच्या ताटातलाही उचलला, आणि म्हणाली, ‘‘टाकू नकोस रे. मला दे. मला आवडते खरवड.’’

आई मऊ भात कालवत होती. तिचा हात थांबला. सौंनी माझ्याकडे पाहिले. मी मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ती कुरकुर वाजवत खात होती, अगदी मजेत. खरेच आवडत असेल? आवडतेही काही मुलांना. तूप होते वर, मीठ होते. चेहऱ्यावरून तर काही कळेना. आईच्या चेहऱ्यावरून तरी कुठे कळत होते!

काही म्हणा, मी दोन्ही तुकडे तिच्या ताटातून परत उचलले. एक मुलाच्या ताटात ठेवला, एक माझ्या.

‘‘बाबा!’’ मुलगी रागावली. ‘‘मला खरंच आवडते!’’

‘‘असेल,’’ मी म्हटलं. ‘‘पण आपल्याकडे नुसत्या तोंडी सांगण्यावर नोंद होत नाही. आधी खा मऊ भात.’’