रेडिएटर बदललेला ट्रक तोच का?

अवयव बदलला तरी वस्तू तीच राहते का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. रथ, वस्त्र, दिव्याची ज्योत ही त्यातली ठरलेली उदाहरणे. धार आणि देवास जिल्ह्यांतून जाणाऱ्या आग्रा-मुंबई रस्त्यावर तोच वाद गळक्या रेडिएटरपाशीही घालता येतो.

खलघाटला नर्मदा ओलांडून भरलेला ट्रक गणेश घाट चढू लागला की रेडिएटरची खरी कसोटी लागते. गिअर खालचा, इंजिनाचे फेरे जास्त आणि वेग मात्र बैलगाडीचा. समोरून वारा जवळजवळ मिळत नाही, सगळा भार पंख्यावर येतो. जाळीला बारीक चीर असेल तर ती इथेच उघडी पडते. अशा वेळी पाण्यात मूठभर हळद टाकायची जुनी युक्ती आहे. हळद चिरेत जाऊन बसते आणि पुढचे गाव येईपर्यंत निभावते. पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, त्यामुळे डाख देऊन चालवता येत. आता जाळी ॲल्युमिनियमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, म्हणून मिस्त्री सहसा बदलायलाच सांगतो.

इंजिन निवल्याशिवाय टोपण उघडत नाहीत, कारण आतले पाणी दाबाखाली 100 अंशांच्याही पुढे तापलेले असते. खालची तोटी सोडून कूलंट काढतात, वरचा-खालचा होज पाईप सुटा करतात, पंख्याचे कवच बाजूला घेतात आणि रबरी बुशांवरचे बोल्ट काढून जुना रेडिएटर उचलतात. नवा बसवून, कूलंट भरून, हवा काढून इंजिन चालू ठेवतात. खालचा पाईप हाताला गरम लागला की थर्मोस्टॅट उघडला असे समजायचे. मग सांध्यांवरून एकदा कोरडे फडके फिरवले की गळती आहे की नाही ते कळते.

एवढे झाल्यावर उभी असलेली गाडी कोणती? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला भिक्षू नागसेन म्हणेल, ‘ट्रक’ हे भागांच्या जुळणीला दिलेले नाव आहे. त्यापलीकडे शोधू गेल्यास काही सापडत नाही. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांची बनलेली अख्खी वस्तू, अवयवांहून वेगळा आणि खरा असतो. पण हाच आग्रह त्यांना अडचणीत आणतो. एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो, असे त्यांना मानावे लागते. मग मालकाला वाटणारी ‘तीच गाडी’ ही ओळख केवळ सारखेपणावर उभी राहते. तर्क चोख आहे, पण त्या हिशेबाने प्रत्येक नटबोल्टागणिक नवा ट्रक जन्माला येतो.

देवासचा इतिहास उलट बाजूचे उदाहरण पुरवतो. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वाटणीतून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. दोघांची राजधानी एकाच गावात होती आणि 1948 मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा प्रकार चालला. गाव एक, राज्ये दोन. तेव्हा वस्तू एक की अनेक, हे नुसत्या सामग्रीवरून ठरत नाही. मांडणीही पाहावी लागते.

मांडणीचा विचार धारच्याच भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. त्यातल्या यंत्रविधानाच्या अध्यायात, आपापल्या मार्गाने जाणाऱ्या महाभूतांना आवरून ज्याच्या ठायी चालवले जाते ते यंत्र, असे लक्षण केले आहे. रेडिएटरला ते चपखल बसते: इंजिनातल्या अग्नीचा ताप पाणी उचलते, जाळीतून वाहणारा वायू तो घेऊन जातो आणि धातू दोघांना आपापल्या वाटेवर ठेवतो. गळती म्हणजे पाण्याने ती वाट सोडणे. ती पुन्हा बांधून दिली की यंत्र पूर्ववत होते, धातू जुना असो की नवा. पण या लक्षणाने यंत्रपण टिकले एवढेच सिद्ध होते. एकाच साच्यातल्या दोन ट्रकांपैकी ‘हा’ कोणता, हे त्यातून निघत नाही.

ते काम व्यवहारात चॅसिस क्रमांक करतो. धार जिल्ह्यातल्या पिथमपुरात 1986 पासून आयशरचे ट्रक बनतात. तिथून निघालेल्या प्रत्येक गाडीच्या चौकटीवर असा क्रमांक कोरलेला असतो. नोंदणीत चॅसिस आणि इंजिन यांचे क्रमांक असतात, रेडिएटरचा नसतो. इंजिन बदलले तर परिवहन कार्यालयाला कळवावे लागते, रेडिएटर बदलला तर कोणी विचारत नाही.

धर्माचारही याच बाजूने कौल देतो. मूर्ती भंगली तर जीर्णोद्धाराचा विधी लागतो: देवत्व कलशातल्या पाण्यात उतरवून घ्यायचे आणि नव्या मूर्तीत पुन्हा प्रतिष्ठापना करायची. दसऱ्याला ट्रकलाही हार चढतो, नारळ फुटतो, आणि तो हार बहुधा रेडिएटरच्या जाळीसमोरच लोंबतो. तरी मधल्या काळात रेडिएटर बदलला म्हणून कोणी वेगळी प्रतिष्ठा करत नाही, आणि जुना भंगारात घालताना विसर्जनही करत नाही. पूजा अख्ख्या गाडीची असते, सुट्या भागाची नसते.