आपणच आपला धनी

जो दुसऱ्याची चाकरी करितो, त्याला आपल्या आळसाचा जाब दुसऱ्यापाशीं द्यावा लागतो. जो स्वतःच्या घरीं स्वतःचा धंदा करितो, त्याला तो स्वतःपाशींच द्यावा लागतो. आणि आरोपी व न्यायाधीश एकच असल्यावर निकाल बहुधा कोणाच्या बाजूनें लागतो, हें सांगावयास नकोच! म्हणून "तुम्हांला काय, घरच्या घरीं सुखाचें काम" असें घरधंदा करणाऱ्यास जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां तो अर्धेंच सत्य बोलत असतो. २०२० सालच्या महामारींत पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांना कचेरी घरांत आणावी लागली आणि या प्रश्नाची झळ त्यांना प्रथमच लागली. परंतु प्रश्न जुनाच आहे: वर पाहणारा कोणी नसतां माणसानें नियमानें काम करावें, तें कशाच्या बळावर?

गिरण्यांचे भोंगे वाजूं लागण्यापूर्वीं बहुतेक उद्योग घरींच चालत. कोष्ट्याचा माग, कुंभाराचें चाक, सोनाराची शेगडी हीं ओसरीवर नाहीं तर पडवींत असत. इंग्लंडांतील घरमागावर विणणारे कारागीर सोमवार आरामांत घालवीत आणि आठवडा सरत आला म्हणजे रात्रीचा दिवस करीत. या रिकाम्या सोमवाराला 'संत सोमवार' असें विनोदी नांवही पडलें होतें. ते आळशी होते असें म्हणवत नाहीं, कारण ठरल्या दिवशीं माल पोंचवावाच लागे. पुढें कारखाना आला, त्यानें घड्याळ आपल्या हातीं घेतलें आणि कारागिराच्या शिस्तीची काळजी मुकादम वाहूं लागला. आपणही शाळेची घंटा आणि कचेरीची हजेरी यांवर वाढलेलीं माणसें आहों. घंटा थांबली कीं आपले हातही थांबतात, यांत नवल तें काय?

यावर सर्वसाधारण उत्तर म्हणजे मनोनिग्रह. आम्हींही वर्गांत हेंच उत्तर वर्षानुवर्षें दिलें. परंतु एका उन्हाळ्याच्या सुटींत एक पाठ्यपुस्तक पुरें करण्याचा निश्चय करून आम्हीं भिंतीवर वेळापत्रक लाविलें. सुटी संपली तेव्हां वेळापत्रक उत्तम स्थितींत होतें. पुस्तकाचीं प्रकरणें मात्र दोनच झालीं होतीं. निश्चय खोटा नव्हता. परंतु रात्रीं निश्चय करणारे आम्ही आणि सकाळीं अंथरुणांत कूस बदलणारे आम्ही, हीं जणूं दोन निराळीं माणसें होतीं.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप याला हें वर्म उमगलें होतें. टपालखात्याची नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपांचला लिहावयास बसे आणि घड्याळ पुढें ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिही. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत हा हिशेब वाचून रसिकांनीं नाकें मुरडलीं. आम्हांला त्यांतील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. पहाटे उठविण्याकरितां त्यानें एक जुना नोकर नेमला होता आणि तेवढ्याबद्दल तो त्याला सालीना ५ पौंड जादा देत असे. एवढा नियमी पुरुष, पण पहाटेच्या आपल्या मनावर त्याचा विश्वास नव्हता! सावध असतांनाच त्यानें स्वतःला दुसऱ्याच्या हातीं बांधून घेतलें होतें. आत्मसंयम म्हणजे घटकोघटकीं मनाशीं कुस्ती खेळणें नव्हे. ती कुस्ती होऊंच नये अशी व्यवस्था आधीं करून ठेवणें होय.

हीच गोष्ट आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली आहे. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईस गिरगांवांत सात गुजराती गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन एका गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. तीच पुढें 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' ही संस्था झाली. आज तिच्या भगिनींची संख्या ४०,००० च्या वर आहे. सकाळीं केंद्रावरून मळलेलें पीठ न्यावयाचें, घरीं लाटावयाचें, वाळवावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं वजन व पारख करून देऊन लाटणावळ घ्यावयाची, असा क्रम. घरीं कोणी मुकादम नाहीं. पण मळलेलें पीठ थांबत नाहीं आणि उद्याचा काटा चुकत नाहीं. शिवाय प्रत्येक भगिनी संस्थेची मालकीणच. येथें शिस्त धाकांतून आली नाहीं. दिलेल्या शब्दांतून आली.

येथवर विचार आला म्हणजे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या पत्नीचा घरीं भाजणीचा लहानसा धंदा आहे. एका दिवाळीपूर्वीं ती उडदाची डाळ मंद आंचेवर भाजीत असतां आमच्याकडे पाहुणे आले. आम्हीं तिला चहासाठीं हांक मारली; मग चष्मा सांपडेना म्हणून पुन्हां मारली. ती परत गेली तों डाळ करपली होती. करपलेली डाळ मिसळली कीं सगळी भाजणी कडू होते, म्हणून ती टाकावी लागली आणि एका गिऱ्हाइकाचा वायदा चुकला. ती रागावली नाहीं. रात्रीं एवढेंच म्हणाली, "अहो, तुमचा तास चालूं असतांना किल्ल्या कोठें ठेवल्यात हें विचारायला मी कधीं वर्गांत आलें आहें का?" आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. शब्द तिनें दिला होता, मोडला आम्हीं.

आत्मसंयम हा एकट्याचा गुण आहे असें आपण मानितों. घरधंद्यांत तो तसा नाहीं. स्वयंपाकघरांतील किंवा कोपऱ्यांतील टेबलावरील कामाला घरची माणसें काम म्हणून मान देत नाहींत तोंवर करणाऱ्याचा निग्रह कितीही असला तरी अपुराच. विशेषतः स्त्रीचा वेळ हा सर्वांचा, ही आमच्या घरांतील जुनी समजूत या बाबतींत उघड अन्याय करिते.

याला दुसरीही बाजू आहे. दुकानदार रात्रीं फळ्या लावितो. घरच्या धंद्याला फळ्या नाहींत. जेवतांना गिऱ्हाइकाचा फोन आणि निजतांना उद्याचा हिशेब असें झालें, म्हणजे घर राहत नाहीं, नुसती वखार उरते. गीतेच्या सहाव्या अध्यायांत आहार, विहार, कर्म आणि निद्रा यांच्या प्रमाणशीरपणावर भर आहे, तो येथें आठवावा. वेळेवर बसणें ही शिस्त, तशी वेळेवर उठणें हीही शिस्तच. आणि आम्हांला वाटतें, ती दुसरी अधिक कठीण.

आतां आमच्या घरीं सकाळीं नऊ ते बारा स्वयंपाकघराच्या दारावरून हांक मारावयाची नाहीं, असा नियम आहे. चष्मा आम्हीच शोधतों. तो बहुधा आमच्या कपाळावरच असतो.