फीच्या पावतीत न दिसणारा खर्च

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते तेव्हा वरळी कोळीवाड्यातल्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. घरात रोकड सगळ्यांत कमी, आणि पहिल्या वर्षाची फी त्याच्या आगेमागेच भरायची. मुलाला मेकॅनिकलला घालायचं का, हा हिशेब इथे या तारखांपासूनच मांडायला हवा.

खासगी विनाअनुदानित कॉलेजात पदवीची फी वर्षाला लाखाच्या वर सहज जाते. मग कर्ज. समजा पाच लाख, दहा टक्के व्याज, सात वर्षं: महिन्याचा हप्ता सुमारे ८,३०० रुपये, शिकतानाचं व्याज वेगळंच. हप्ता बारा महिने येतो, समुद्राची कमाई दहाच महिने. ही तफावत बँकेच्या अर्जात कुठेच भरायची नसते.

मेकॅनिकलच्या कमाईला मुंबईत आणखी एक कात्री लागते. १८८७ साली स्थापन झालेली व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था वाढली ती गिरण्यांच्या मुंबईत. त्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून मिटल्या, कुर्ल्याचा प्रीमियरचा मोटार कारखानाही गेला. आज परळ-लालबागच्या मुलाला यंत्रांवरची पहिली नोकरी बहुधा चाकण-पिंपरीकडे मिळते. तिथलं भाडं, खाणावळ, येणं-जाणं पगारातून वजा करूनच कमाई धरावी. घरी राहून शिकलेल्या मुलाचा राहण्याचा खर्च असा शिक्षण संपल्यावर सुरू होतो.

म्हणून मला दहावीनंतरच्या पदविकेची वाट जास्त शहाणपणाची वाटते. पदविकेची तीन वर्षं आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवीची तीन, अशी सहा. अकरावी-बारावी आणि पदवीची चार, तीही सहाच. वर्षं सारखी, पण जोखीम सारखी नाही. वडिलांची बोट नादुरुस्त झाली, घरात आजारपण आलं आणि शिक्षण तिसऱ्या वर्षानंतर थांबलं, तर एकाच्या हातात पदविका असते, दुसऱ्याच्या हातात बारावीची गुणपत्रिका आणि फेडायचं कर्ज. सरकारी तंत्रनिकेतनाची वर्षाची फी काही हजारांत भागते. माटुंग्याला व्हीजेटीआयमध्येही पदविका आहे, वरळीहून रोज जाऊन-येऊन करता येण्यासारखी.

या वाटेला त्रास आहे. दुसऱ्या वर्षाचं गणित पदविकेच्या मुलांना जड जातं, काही तिथेच खचतात. पण त्यावर मेहनतीचा इलाज आहे. थकलेल्या हप्त्यावर तो नाही.

मुलींचा हिशेब तर पार बदलला आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, पात्र प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. ज्या घरात मुलाला मेकॅनिकल आणि मुलीला जवळचं कॉमर्स असं आपोआप ठरतं, त्या घराने निदान यंदा अर्ज भरण्यापूर्वी दोघांचे आकडे शेजारी मांडावेत.

आणि कॉलेजच्या फलकावरचं सर्वोच्च पॅकेज बाजूला ठेवावं. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना मध्यक (मिडियन) पगाराचा आकडा जाहीर करावा लागतो, पण तो सगळ्या शाखांचा मिळून असतो आणि कॉम्प्युटरची मुलं तो वर ओढतात. मेकॅनिकलची किती मुलं बाहेर पडली, किती जणांना यंत्रांचं काम मिळालं आणि त्यांतल्या मधल्या मुलाचा पगार किती, एवढं फी भरण्याआधी कॉलेजकडून लेखी मागावं.