उगाच फिरणे आणि विहार

‘विहार’ या शब्दात दोन अर्थ शेजारीशेजारी नांदतात. मनसोक्त हिंडण्याफिरण्याचे सुख म्हणजे विहार. आणि भिक्खू जिथे फिरणे थांबवून राहतात तो निवासही विहारच. चंद्रपूर जिल्ह्यात या दोन्ही अर्थांची गाठ रस्त्यावरच पडते. भद्रावतीच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली, आणि आज या भागातल्या कितीतरी वस्त्यांत पंचशील ध्वज लावलेला विहार दिसतो. हिवाळ्याच्या सकाळी त्याच्यासमोरून एखादा सायकलस्वार जातो. त्याला कुठे पोचायचे नसते, काही आणायचे नसते. तो नुसता फिरायला निघालेला असतो. हा त्याचा विहार धर्माच्या दृष्टीने काय ठरतो? वेळेचा अपव्यय, निरुपद्रवी करमणूक, की आणखी काही?

चंद्रपूर आणि शेजारच्या जंगलमुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, सायकल ही मुळात कामाची वस्तू. शाळेला जाणाऱ्या मुली, आठवडी बाजाराला निघालेला माणूस, कॅरिअरवर बांधलेली सरपणाची मोळी, हँडलला अडकवलेला डबा, हे तिचे नेहमीचे रूप. हौसेची सायकल अलीकडे आली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा हंगाम, कारण चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दुपारी माणूस सावलीबाहेर पडत नाही. मूलकडे जाणाऱ्या रस्त्याचे जंगल, कुरखेड्याहून कोरचीला चढणारा बेडगावचा घाट, आलापल्लीहून हेमलकसा-भामरागडकडे साग-बांबूतून जाणारी लांब वाट, ही तिची ठिकाणे. वाटेत पाणी प्यायला थांबले की गावातला कोणी हमखास विचारतो, ‘कुठं जाता जी?’ ‘असंच, फिरायला’ हे उत्तर त्याला पुरत नाही. ‘म्हणजे काम काय?’ हा पुढचा प्रश्न येतोच. या प्रश्नात टोमणा क्वचितच असतो. धर्मशास्त्रांनी शतकानुशतके विचारलेला प्रश्नच तो माणूस साध्या शब्दांत विचारत असतो.

शास्त्रांचे पहिले उत्तर कडक आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाची कामातून, म्हणजे वासनेतून, उपजणारी दहा व्यसने सांगितली आहेत. शिकार, द्यूत, मद्य यांच्या पंक्तीतच तिथे ‘वृथाट्या’ म्हणजे उगाच भटकणे येऊन बसते. द्यूत आणि भटकणे एकाच यादीत, हे आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. पण यादी राजासाठी आहे हे लक्षात घेतले की तिचा रोख कळतो. राजा भटकत राहिला तर न्याय अडतो, प्रजेचे गाऱ्हाणे दाराशी तिष्ठत राहते. दोष पायांचा नाही, मागे सोडलेल्या कामाचा आहे. मराठीनेही हा संशय सांभाळून ठेवला आहे. उनाड, रिकामटेकडा, भटक्या यांतला एकही शब्द कौतुकाचा नव्हता. ‘भटकंती’ला प्रतिष्ठा मिळाली ती अगदी अलीकडे, पगारी सुट्ट्या आल्यावर.

दुसरा आक्षेप वाहनावर आहे. मत्स्यपुराणाच्या प्रयागमाहात्म्यात म्हटले आहे की ऐश्वर्याच्या लोभाने किंवा मोहाने जो वाहनात बसून तीर्थाला जातो त्याची यात्रा निष्फळ ठरते. मग सायकल हे वाहन की नव्हे? धर्मशास्त्राच्या जुन्या निबंधकारांना हा प्रश्न मिळाला असता तर त्यांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली असती. तिला बैल जुंपलेला नाही, म्हणजे मुक्या जनावराला पीडा नाही. चालवणाऱ्याचा घाम त्याचाच. राहतो ऐश्वर्याचा मुद्दा, आणि लाखभराची सायकल घेऊन फिरणाऱ्याला तो सहज झटकता येणार नाही. बौद्ध विनयात निरोगी भिक्खूला यान वर्ज्य आहे. जैन मुनी तर आजही पायीच विहरतात, आणि त्या चालण्याला ते ‘विहार’च म्हणतात. १९०९च्या ‘हिंद स्वराज’मध्ये गांधीजींनी रेल्वेवर टीका करताना हाच धागा पुढे नेला: माणसाला जितके हातपाय दिले आहेत तितकीच त्याच्या धावण्याची मर्यादा. इव्हान इलिच हा मूळचा कॅथलिक धर्मगुरू. १९७०च्या दशकात ऊर्जेवर लिहिताना त्याने मात्र सायकलला या टीकेतून सोडवले. ती माणसाला पादचाऱ्याच्या तीन-चार पट वेग देते, पण खर्च त्याच्याच शरीरातून होतो, तोही चालण्यापेक्षा कमी. म्हणजे सायकल ही पायांना जोडलेली वस्तू, पायांची जागा घेणारी नव्हे.

हा निवाडा गीतेशीही जुळतो. सहाव्या अध्यायात योग्याने आहार आणि विहार दोन्ही प्रमाणात ठेवावेत असे सांगितले आहे. तिथल्या विहाराचा अर्थ शंकराचार्यांनी ‘पादक्रम’, म्हणजे पावले टाकणे, असा केला आणि ज्ञानेश्वरांनी मोजक्या पावलांनी चालायला सांगितले. पायडल मारण्याला पादक्रमापेक्षा चांगला संस्कृत शब्द शोधूनही सापडायचा नाही. पण या परवानगीत एक अट दडलेली आहे. विहार इथे योगासाठी आहे, जसे पथ्य औषधासाठी. गावकऱ्याच्या ‘काम काय?’ला हे उत्तर चालेल: तब्येतीसाठी. शहरातून आलेले बहुतेक सायकलस्वार तेच देतात, आणि मनगटावरच्या यंत्रात किलोमीटर, चढाची उंची, हृदयाचे ठोके नोंदवत जातात. मग तो विहार राहत नाही. कार्यालयातला ताळेबंदच जंगलात येतो.

हेतूच नसलेल्या सुखाचा खरा विचार वेदान्तात वेगळ्याच ठिकाणी झाला आहे, सृष्टी का निर्माण झाली या प्रश्नात. ब्रह्माला काही कमी नाही. मग त्याने हा पसारा मांडला कशाला? हेतू सांगावा तर ब्रह्म अपूर्ण ठरते, हेतू नाही म्हणावे तर ते वेडे ठरते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातले उत्तर एका शब्दाचे आहे: लीला. शंकराचार्य दोन दाखले देतात. सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला राजा क्रीडेसाठी क्रीडा करतो. आणि श्वासोच्छ्वास कोणत्याही बाह्य हेतूशिवाय, स्वभावानेच चालतो. रामानुजांनी चेंडू खेळणारा राजा निवडला. गौडपादांना मात्र खेळ हा शब्दही खपला नाही. ज्याला हवे असे काही उरलेच नाही तो खेळेल तरी कशाला? हा त्या देवाचा स्वभाव, इतकेच ते म्हणतात. मनूचा राजा खेळला तर व्यसनी आणि वेदान्तातला राजा खेळला तर ब्रह्माची उपमा, ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फरक एवढाच की दुसऱ्या राजाचे सगळे काम आटोपलेले आहे.

ज्ञानेश्वर आणखी पुढे जातात. ‘अमृतानुभवा’त त्यांनी अज्ञानाच्या खंडनाला एक मोठे प्रकरण दिले आहे. जग हा अज्ञानाचा पडदा नाही, तो चैतन्याचाच विलास आहे, अशी त्यांची भूमिका; अभ्यासक तिला चिद्विलास म्हणतात. हे मान्य केले की डोंगर, धुके, ओल्या पानांचा वास या साधकाला वाटेवरून ढळवणाऱ्या गोष्टी राहत नाहीत. पण त्यावरून प्रत्येक सहल अध्यात्म ठरत नाही. लीला ही भरलेल्याची असते. आठवडाभर थकून, काहीतरी हरवल्यासारखे वाटून शनिवारी निघालेला माणूस आप्तकाम, म्हणजे सगळ्या इच्छा पुरलेला, नसतो. तो विश्रांती शोधत असतो.

तरीही घाटात काहीतरी घडते. बेडगावचा चढ सुरू झाला की पहिल्या वळणापर्यंत डोक्यात घरच्याच गोष्टी असतात. मग गिअर उतरतो, बोलणे थांबते, आणि लक्ष नाइलाजाने श्वासावर येते. आनापानसती या बौद्ध ध्यानात साधक हेच लक्ष बसून, प्रयत्नाने आणतो. शंकराचार्यांनी हेतुशून्यतेचा दाखला म्हणून श्वास निवडला होता. इथे तो श्वास भात्यासारखा ऐकू येतो. किती वळणे राहिली हा हिशेब काही काळ सुटतो. ‘उगाच’ या शब्दात ‘उगा’ आहे, आणि उगा म्हणजे गप्प, शांत. उगाच चढणारा माणूस थोडा वेळ खरोखरच उगा होतो. याला समाधी म्हणणे अतिशयोक्ती होईल, पण गावकऱ्याच्या प्रश्नाला इथे निदान एक सरळ उत्तर मिळते: चढणे हेच काम.

उतार ही वेगळी गोष्ट. तो चढाचे फळ आहे असे समजायची सवय असते, केलेल्या कष्टाचा मोबदला. पण उताराचे सुख वेगाचे आहे, आणि वेगात लक्ष फाटते. जैनांच्या ईर्यासमितीनुसार मुनीने पुढची चार हात जमीन बघत, जीव चिरडणार नाही अशा बेताने चालावे. उतारावर सुटलेल्या सायकलला चार हात म्हणजे डोळ्याची पापणीही लवत नाही इतका वेळ. मुंगळ्यांची रांग, ऊन खात पडलेला सरडा, वळणाआड उभी असलेली गाय यांपैकी काहीही वेळेवर दिसत नाही. धर्मदृष्ट्या ब्रेक हा सायकलचा सर्वांत महत्त्वाचा भाग मानावा लागेल.

भटकण्यालाच साधना करणारा पंथही महाराष्ट्रात झाला. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी अनुयायांना अटन सांगितले: देशाच्या टोकाला जावे, झाडाखाली राहावे, ओळखीत गुंतू नये. ‘वृथाट्या’ आणि ‘अटन’ यांचा धातू एकच. पण चक्रधरांचे फिरणे सुखासाठी नव्हते, ते सुखाची सवय मोडण्यासाठी होते. म्हणूनच कानडी आणि तेलंग मुलखात जाऊ नये असा त्यांचा दंडक होता. ते देश विषयसुखांनी भरलेले, असे कारण त्यांनी दिले. सिरोंच्याला प्राणहितेच्या काठी उभे राहिले की पलीकडे तेलंगणच दिसते, आणि दोन्ही काठ सारखेच रखरखीत असतात. विषयसुख कुठे दडले असावे ते कळत नाही. सायकलीला हेतू जोडणारेही याच मातीतले. १९८५ मध्ये बाबा आमटे तरुणांना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, ती ‘भारत जोडो’ यात्रा. तिला विहार म्हणता येत नाही.

आतापर्यंतचा सगळा विचार फिरणाऱ्याच्या मनाविषयी झाला. ज्या जमिनीवरून तो फिरतो तिचा विचार या परंपरांनी फारसा केलेला नाही. गोंड-माडिया धर्मविचार तिथूनच सुरू होतो. डोंगर हा देखावा नसून पेनाचे, म्हणजे देवाचे, ठाणे असतो. एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर ठाकूरदेवाचा आहे. तिथे दर जानेवारीत यात्रा भरते, आणि त्याच डोंगरातून लोहखनिज काढले जात असल्याने देव आणि खनिज यांचा वाद वर्षानुवर्षे धुमसतो आहे. ताडोबा हे नावही एका देवाचे. वाघाशी झुंजताना मारला गेलेला तारू नावाचा गावप्रमुख तळ्याकाठी देव झाला, अशी कथा आहे. १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प; आता त्या देवाच्या परिसरात सायकल तर सोडाच, पायीही मोकळेपणी हिंडता येत नाही.

या धर्मविचारात सुख घेण्याला मनाई नाही. नाच, मोहाची दारू, शिकार यांना उत्सवात पूर्ण जागा आहे. बंधन आहे ते क्रमाचे. नवा आंबा, नवे धान्य पंडुम, म्हणजे त्याचा सण, झाल्याशिवाय खायचे नसते. आधी पेनाला, पूर्वजांना, मग माणसाला. आंबा पिकला म्हणून तो लगेच आपला होत नाही. या मापाने पाहिले तर सायकलस्वाराचा प्रश्नच बदलतो. हेतू होता की नव्हता याला मग फारसे महत्त्व राहत नाही. हे रान कोणाचे, आणि त्यांना विचारले का, हे आधी येते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या रानात शिरताना ग्रामसभेला विचारणे हा निव्वळ शिष्टाचार नाही, कायद्यालाही त्याचा आधार आहे.

रान कोणाचे हे मार्चअखेर मोह गळू लागला की फार स्पष्ट दिसते. फुले रात्री गळतात, म्हणून बाया-मुले उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. वाकून वेचणाऱ्या माणसावर वाघ झडप घालतो, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे असे मृत्यू दरवर्षी होतात. थंड हवा, गोड वास, कोवळे ऊन अशी त्या दिवसांत सायकलीला सर्वांत चांगली वेळही तीच. एकाच रस्त्याच्या एका कडेला विहार आणि दुसऱ्या कडेला जिवावर उदार होऊन केलेले काम असते. सायकलवाला थांबून हात वर करतो, बाई मान वर करून पाहते आणि पुन्हा वेचू लागते. त्याच्या सुखाने तिचे काही बिघडत नाही. पण तिच्याकडे पाहिल्यानंतर पुढचे दोन-तीन किलोमीटर तो सहसा गप्प असतो. हे गप्प होणे घाटातल्यासारखे नसते.

पाऊस आला की प्रश्न काही महिने आपोआप मिटतो. ओल्या हिरवळीवर चालून भिक्खू कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार झाली म्हणून वर्षावासाचा नियम पडला, असे विनयपिटकात आहे. त्या काळात फिरणारा विहार राहण्याचा विहार होतो. झाडीपट्टीत हा नियम नद्याच लावतात. पर्लकोटेला पूर चढला की हेमलकशाच्या पुढचे भामरागड तुटते. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावर पाणी ओसरेपर्यंत कोणीच कुठे निघत नाही, आणि सायकली ओसरीत भिंतीला टेकून उभ्या राहतात.