शुभ आणि लाभ

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ म्हणजे आमच्या दुधनीच्या अडत बाजारात वहीपूजनाची वेळ. उडदा-मुगाची आवक ओसरलेली असते, हमालांना दिवाळीचे पोस्त वाटून झालेले असते, आणि लाल कापडाच्या बांधणीच्या कोऱ्या वह्या चौरंगावर मांडून पहिल्या पानावर कुंकवाने ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द लिहिले जातात. आमच्या घरी हे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. कारण एवढेच की, माझे अक्षर बरे. या दोन शब्दांपैकी पहिला कोणता आणि दुसरा कोणता, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करायला लावला एका तुरुंगाने. आणि तोही न बांधलेल्या!

गेल्या वर्षीची गोष्ट. पूजा आटोपली, चुरमुरे-बत्तासे वाटून झाले आणि चार मंडळी गादीवर लोडाला टेकून बसली. बोलता बोलता विषय निघाला तुरुंगांत जागा पुरत नसल्याचा. शेजारच्या पेढीचे आप्पा अर्धे कानडीत आणि अर्धे मराठीत बोलणारे, सरहद्दीवरचे अस्सल माणूस. ते म्हणाले, “मग एक मोठं जेल आपल्याकडंच बांधा म्हणावं की! रेल्वे हाय, माळरान हाय. तीन हजार कैदी म्हणजे तीन हजार ताटं. डाळ कुणाची? आपली!”

सगळे हसले. मीही हसलो, पण हसण्याच्या आधी माझ्या मनाने हिशेब केला होता. माणशी शंभर ग्रॅम डाळ धरली, तरी रोजची तीन क्विंटल. अडत्याच्या पोराचे मन असेच चालते, त्याला काय करणार?

रात्री झोप येईना, तेव्हा मी तो हिशेब नीट मांडू लागलो. जमेच्या बाजूला बांधकामाची मजुरी, शिपायांचे पगार, त्यांच्या बिऱ्हाडांची भाडी, दूध, भाजी, भेटीला येणाऱ्यांची चहापाणी. नावेच्या बाजूला काय? पहिली गेली जमीन. आणि ज्याला आपण माळरान म्हणतो, ते कोणाच्या तरी शेळ्यामेंढ्यांचे कुरण असते. दुसरे पाणी. उन्हाळ्यात घागरींच्या रांगा पाहिलेल्या आमच्या मुलखात तीन हजार माणसांचे पाणी ही थट्टेची बाब नव्हे. मग लक्षात आले की, जमेतही पुष्कळ फुगवटा आहे. शिपायांची भरती होते सरकारी नियमाने, गावाच्या पत्त्यावरून नव्हे. खरेदी होते निविदेने. आणि तुरुंगात स्वयंपाक, धुणे, झाडलोट, विणकाम, सुतारकाम कैदीच करतात. दिवाळीत येरवड्याच्या कैद्यांनी केलेल्या वस्तू आपण कौतुकाने विकत घेतो, तेव्हा हे आपल्या डोळ्यांपुढेच असते. भिंतीच्या आत जे काम होते, त्याची मजुरी बाहेरच्या गावाला कशी मिळणार?

अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत तिथल्या ओस पडू लागलेल्या खेड्यांनी ‘तुरुंग आम्हांला द्या’ म्हणून चढाओढ केली. पुढे अभ्यासकांनी न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागाचा हिशेब तपासला, तेव्हा तुरुंग मिळालेल्या भागांत आणि न मिळालेल्या भागांत रोजगाराच्या दृष्टीने सांगण्यासारखा फरक दिसला नाही. त्याहून मला बोचली ती पुढची गोष्ट. त्या राज्यात कैदी कमी झाले आणि २०११ पासून तुरुंग बंद होऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांनीच त्याला विरोध केला. कोठड्या रिकाम्या होणे ही सगळ्या समाजाला आनंदाची वार्ता. पण त्या गावांच्या चुली त्या कोठड्यांवर पेटत होत्या.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला आप्पा आले, तेव्हा मी त्यांच्यापुढे हे सगळे मांडले. ते शांतपणे म्हणाले, “मग डॉक्टर काय खातो? लोक आजारी पडतात, म्हणूनच की! गाणगापूरला जाणारे सगळे सुखानं जातात व्हय? दुःखावर चालणारी दुकानं मोजायला लागलास, तर बाजारात कुलपंच दिसतील.”

वाचकहो, हा आक्षेप सोपा नाही. पण वैद्य आणि रोगी एकाच गोष्टीची इच्छा करू शकतात, ती म्हणजे रोग बरा व्हावा. गाणगापूरचा दुकानदार नारळ देताना भाविकाचे दुःख फिटो असे मनापासून म्हणू शकतो. दुःख फिटले, तरी तो भाविक नवस फेडायला येतोच. तुरुंगावर जगणाऱ्या गावाला मात्र ‘कैदी सुटो’ असे म्हणणे हळूहळू जड जाऊ लागते. धंदा दुःखाशेजारी आहे की नाही, हा प्रश्न नव्हे. ते दुःख संपावे असे आपल्याला वाटू देतो की नाही, हा प्रश्न आहे.

आणि यासाठी अमेरिकेला जायचे कारणही नाही. आमच्या सोलापुरात ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आहे. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला, आणि केवळ अमुक जातीत जन्मले म्हणून माणसे तारेच्या कुंपणात हजेरीला उभी राहू लागली. त्याच माणसांचे हात सोलापूरच्या गिरण्यांना कामाला मिळाले. गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला बंदोबस्त हवा होता. दोघांचाही लाभ झाला. जन्मतः गुन्हेगार ठरलेल्या पोरांचे काय झाले, ते कोणत्या वहीत लिहायचे? १९५२ साली देशभर तो कायदा गेला. नावाला लागलेला डाग इतक्या लवकर गेला नाही.

याच्या उलट उदाहरणही शेजारीच आहे. आमच्या सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ साली ‘स्वतंत्रपूर’ नावाची वसाहत उभी केली. औंधच्या राजांनी आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअराने जन्मठेपेच्या कैद्यांवर विश्वास टाकून त्यांना भिंतीवाचून शेतीवर ठेवले. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्या वसाहतीचा नफा किती झाला ते मी सांगत नाही. माणूस परत माणसांत गेला, तर तीच तिची कमाई, एवढे मात्र कोणालाही कळते.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण पाडव्याला जुन्या वहीतली येणी नव्या वहीत ओढताना माझा हात एका खात्यापाशी थांबला. ते खाते एका म्हातारीचे. तिचा मुलगा आमच्याकडे हमाली करी. कुठल्याशा मारामारीत त्याचे नाव आले आणि तो दूरच्या तुरुंगात गेला. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जागांवर ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली चारांतली तीन खटला न संपलेली होती. अशांतलाच तो एक. म्हातारी महिन्यातून एकदा भेटीला जाई. गाडीभाडे, वकील, बुडालेली रोजंदारी, सगळ्यासाठी ती आमच्याकडून उचल घेई, आणि मी माझ्या बऱ्या अक्षरात ती लिहून ठेवी. चौदा महिन्यांनी तो निर्दोष सुटला. तोवर त्याच्या जागी दुसरा हमाल लागला होता. तो लागला होता तुरुंगवासाच्या दुसऱ्याच दिवशी. उचलीवर मात्र व्याज चढत राहिले होते.

मी ती रक्कम पाहत बसलो. तुरुंगाचा खर्च गावाला किती आणि लाभ किती, असा हिशेब मी रात्रभर मांडला होता. तुरुंग आमच्या गावात बांधला गेला नव्हता; तरी त्याचा खर्च गावातल्या एका झोपडीने दिला होता, आणि लाभ आमच्या पेढीच्या जमेला पडला होता.

मी ते खाते पुढे ओढले नाही. वडिलांनी विचारले, “ही बाकी कुठं गेली?” मी म्हटले, “फिटली.” ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मग चष्मा पुसून पुढची रक्कम सांगू लागले. एका खात्याने जगाचा हिशेब जुळत नाही, हे मला कळते. त्या मुलाचे चौदा महिने तर कुठल्याच वहीत परत येणार नाहीत. तो आता सोलापूरला हमाली करतो. यंदा दिवाळीला गावी आला, तेव्हा पेढीवर येऊन फराळ करून गेला. मला त्याच्याकडे सरळ पाहणे जरा अवघड गेले.

यंदाही नव्या वहीवर मीच लिहिले. ‘लाभ’ लिहिण्याआधी थोडा थांबलो. आधी ‘शुभ’ लिहायचे असते, ते नीट, सावकाश लिहिले. आणि मगच दुसऱ्या शब्दासाठी बोट कुंकवात बुडवले.