काही होत नाही!

मराठी भाषेतलं सर्वांत धोक्याचं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी ताबडतोब सांगेन, 'काही होत नाही!' डॉक्टर सुई टोचण्यापूर्वी हे म्हणतो, न्हावी वस्तरा परजताना म्हणतो आणि लग्न ठरलेल्या मुलाला त्याचे विवाहित मित्र म्हणतात. पण या वाक्याचा खरा सुकाळ बघायचा असेल, तर रोलर कोस्टरच्या रांगेत जाऊन उभं राहावं. तिथे जिकडे बघावं तिकडे एकेक बाप आठ-नऊ वर्षांच्या पोराचा दंड धरून हेच घोकत असतो. काहीच होणार नसेल तर इतकी माणसं पैसे मोजून उन्हात उभी कशाला, हा प्रश्न बापाला पडत नाही. पोराला पडतो.

आमच्या लहानपणी ही चैन नव्हती. पोटात गोळा आणण्याचं खातं विहिरीकडे असे. सुट्टीत पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि 'काही होत नाही' म्हणत मामानं मागून ढकलून द्यायचं. असे ढकललेले लोक पुढे छाती फुगवून सांगतात, 'म्हणून तर पोहायला शिकलो!' त्या दिवसानंतर जे विहिरीकडे फिरकलेच नाहीत, ते मात्र आठवणी सांगत नाहीत. ते पावसाळ्यात डबक्यालाही वळसा घालून गुपचूप निघून जातात. धीटपणाच्या खटल्यात साक्षीला येतात ते फक्त पोहून वर आलेले!

या यंत्राचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. रशियात पूर्वी हिवाळ्यात लाकडी सांगाड्यावर बर्फाचा उतार करून त्यावरून लोक घसरत. म्हणून फ्रेंच माणूस रोलर कोस्टरला अजून 'रशियन डोंगर' म्हणतो. आणि रशियन माणूस त्यालाच 'अमेरिकन डोंगर' म्हणतो! भीतीचं पितृत्व कुणी घरात घेत नाही, हेच खरं. अमेरिकेत कोनी आयलंडला थॉम्प्सन नावाच्या गृहस्थांनी १८८४ साली अशी गाडी सुरू केली. भाडं पाच सेंट आणि वेग ताशी सुमारे सहा मैल. म्हणजे आपल्याकडचा टांगा तिला मागे टाकून गेला असता. आपल्याकडे गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड उघडलं, खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका उघडलं, आणि मामा लोकांची विहिरीपर्यंतची पायपीट वाचली.

अशाच एका बागेत मी लेक, जावई आणि नऊ वर्षांच्या नातीबरोबर गेलो होतो. माझ्याकडे बॅगा सांभाळण्याचं खातं होतं. वयपरत्वे माणसाला अशी मानाची कामं मिळू लागतात. पण नातीनं 'आबा, तुम्ही पण रांगेत या' असं फर्मावल्यामुळे मीही बॅगांसकट उभा राहिलो.

तिथे दाराशी एक उंची मोजायची पट्टी होती. त्या सबंध बागेत तत्त्वाला चिकटून राहिलेली तेवढी एकच वस्तू! आमच्या पुढचे एक सद्गृहस्थ चिरंजीवांना हळूच सांगत होते, 'टाचा वर कर.' आता ती पट्टी काही उंच मुलांचं कौतुक करायला लावलेली नसते. छातीवर येणारी दांडी ठरावीक बांध्याच्या माणसाला धरून ठेवील अशी बेतलेली असते. तिच्यातून निसटेल एवढ्या देहाला वर नेऊ नये, इतका साधा हिशेब. पण दुधाच्या हिशेबात पाव लिटरसाठी भांडणारा माणूस इथे दोन बोटं सहज खिशात घालू बघतो. रखवालदारानं पट्टीकडे बोट दाखवलं, तर सद्गृहस्थ वर चिडले. 'अहो, आमचा मुलगा घाबरत नाही!'

मला वाटतं, सगळा घोटाळा इथेच आहे. धोका वेगळा आणि भीती वेगळी. धोक्याचा कारभार पट्टीकडे आणि इंजिनियरकडे. भीतीचा कारभार ज्याची त्याच्याकडे. आपण नेमकं उलटं करतो. पट्टीशी घासाघीस करतो आणि पोराच्या भीतीवर मात्र हुकूम सोडतो.

नातीनं मला विचारलं, 'आबा, गाडी उलटी होते तेव्हा पडत नाही?' मी म्हटलं, 'नाही. रुळाच्या वर चाकं असतात, बाजूला असतात आणि खालूनही असतात. रूळ तिघांच्या मुठीत असतो.' जॉन मिलर नावाच्या इंजिनियरनं या खालच्या चाकांचं पेटंट १९१९ साली घेतलं, हेही मी सांगून टाकलं. ऐकणारं माणूस रांगेत अडकलेलं असलं की मला फार स्फुरण चढतं. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, 'मग भीती का वाटते?'

या प्रश्नापुढे भल्याभल्यांनी हात टेकावेत. तोल सांभाळणारी व्यवस्था कानाच्या आत असते, आणि ती बिचारी पेटंट वाचत नाही. देह खाली पडतोय एवढंच तिला कळतं, आणि ती खरंच बोलत असते. देह पडतच असतो! तेव्हा 'काही होत नाही' हे चक्क खोटं आहे. मी म्हटलं, 'होतं. पोटात गोळा येतो, ओरडावंसं वाटतं. दोनेक मिनिटांत संपतं. मधेच मात्र उतरता येत नाही.'

जावयांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्या दुकानापुढे उभा राहून गिऱ्हाईक परत पाठवतोय. 'बाबा, तिला अशानं धीर कसा येणार?' आता जावयाला उत्तर देण्याची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे देतो.

अभिमन्यूला चक्रव्यूहात पाठवताना धर्मराजांनी आणि भीमानं हेच सांगितलं होतं. तू हो पुढे, आम्ही आहोतच मागे. पोरानं वाट फोडली, जयद्रथानं वडीलधाऱ्यांना दारातच अडवलं आणि पोर आत एकटं राहिलं. अभिमन्यूच्या शौर्याचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. बाहेरची वाट ठाऊक नसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला आत पाठवणाऱ्यांचा प्रश्न मात्र हळूच पुढे ढकलतो. रोलर कोस्टरवाल्यांना ही गोष्ट व्यासांइतकीच कळलेली दिसते. गाडी लागते त्या फलाटावर, डब्यात पाय टाकून पलीकडे उतरून जायची वाट असते. दांडी बंद होईपर्यंत 'नको' म्हणता येतं. ही वाट आहे म्हणूनच बसण्याला धीर म्हणायचं. ती बंद केली, तर उरते ती फक्त वाहतूक.

आमची नात गाडीपर्यंत गेली, डब्यात चढली आणि शांतपणे पलीकडे उतरून आली. जावयांचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण इतक्या लोकांदेखत, बापाची इच्छा आणि मागच्यांची चुळबुळ ऐकत 'नको' म्हणणं, हे गाडीत बसण्यापेक्षा सोपं होतं, असं वाटत असेल त्यानं ऑफिसात साहेबापुढे एकदा करून बघावं.

पुढे ती कधी बसली का, असं सगळे विचारतात. मी सांगत नाही. बसली म्हटलं तर जावई म्हणणार, 'बघा, मी म्हणत नव्हतो?' आणि नाही म्हटलं तरी हेच म्हणणार!